छापील पुस्तिकेचा कागद आणि बांधणी
(ज्ञातिबांधवांच्या वार्षिक संमेलनात सावदा मुक्कामी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनाच्या चालकांनी मला बोलावयास सांगितले, तेव्हा विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपविली होती. मी व्यवसायाने मुद्रक. शिक्षणावर, शेतीवर आणि समाजसुधारणेवर बोलणारे माझ्याहून अधिकारी वक्ते येथे पुष्कळ आहेत. तेव्हा ज्या धंद्यात माझे हात काळे झाले, त्यातीलच चार गोष्टी आपल्यापुढे ठेवाव्यात असे मी ठरविले. विषय वरकरणी रुक्ष आहे. आपल्या दुकानाचे सूचिपत्रक, कारखान्याची माहितीपुस्तिका, सहकारी संस्थेचा अहवाल किंवा ज्ञातीची स्मरणिका छापावयाची, तर तिला कागद कोणता घ्यावा आणि तिची बांधणी कशी करावी, एवढाच तो विषय आहे. परंतु या रुक्ष गोष्टीत आपला पैसा गुंतलेला आहे, आणि थोडा पुढे विचार केला तर आपली आठवणही गुंतलेली आहे.

आज आपल्यातील कितीतरी तरुण केळीच्या खरेदीविक्रीत, बियाणे व खतांच्या व्यापारात, ठिबक सिंचनाच्या साहित्यात, शेतीअवजारांच्या कारखानदारीत उतरले आहेत. वडिलांच्या काळी व्यापाऱ्याची पत त्याच्या वहीत असे. लाल खारव्याची बांधणी, सुताने शिवलेली पाने, दिवाळीस पूजा आणि वर्षभर गादीवर वापर. ती वही रोज शेकडो वेळा उघडली तरी पान सुटत नसे, कारण बांधणाऱ्यास तिचे काम ठाऊक होते. आजच्या व्यापाऱ्याची पहिली ओळख पुष्कळदा त्याच्या छापील पुस्तिकेवरून होते. ती हाती घेताच पाने सुटली, शाई बोटाला लागली किंवा मागच्या पानाचा मजकूर पुढच्या पानावर उमटलेला दिसला, तर गिऱ्हाईक तोंडाने काही बोलत नाही. मनात मात्र मालाविषयीही तेच अनुमान काढून मोकळे होते.

कागदाचा आणि आपल्या मुलखाचा संबंध आजचा नाही. येथून जवळच असलेले यावल आणि तिकडे एरंडोल ही दोन्ही गावे एके काळी देशी कागदासाठी प्रसिद्ध होती. इंग्रजी अमदानीतील सरकारी गॅझेटियरांत त्यांची तशी नोंद आहे. ताग, जुनी गोणपाटे, चिंध्या आणि रद्दी कुटून लगदा करावयाचा, चाळणीवर त्याचे तक्ते उचलावयाचे, खळ चढवावयाची आणि गुळगुळीत दगडाने घोटावयाचे, असा हा कागद तयार होई. तो जाडाभरडा असे, पण टिकाऊ असे. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हे कारखाने मागे पडले. देश स्वतंत्र झाल्यावर कागद पुन्हा आपल्या दाराशी आला, तो निराळ्या रूपाने. भुसावळहून खंडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सावदा, निंभोरा, रावेर आणि बऱ्हाणपूर मागे टाकले की नेपानगर लागते. तेथे सालईचे लाकूड आणि बांबू यांपासून वृत्तपत्री कागद काढणारी गिरणी १९५५ मध्ये चालू झाली आणि १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते ती राष्ट्राला अर्पण झाली. देशी वृत्तपत्री कागदाचा पाया येथे घातला गेला. वर्तमानपत्रासाठी तो कागद योग्यच आहे. मात्र वर्तमानपत्राचे आयुष्य एक दिवसाचे असते हे आपण विसरतो, आणि तोच कागद पन्नास वर्षे ठेवावयाच्या ग्रंथाला वापरतो.

येथे माझ्या सांगण्यातील मुख्य सूत्र येते. कागदाचा भाव विचारण्यापूर्वी पुस्तिकेचे आयुष्य ठरवा. ती किती दिवस जगावयाची आहे, कोणाच्या हातात जावयाची आहे आणि कोठे ठेवली जावयाची आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की कागद आणि बांधणी बहुतेक आपोआप ठरतात.

प्रथम कागदाचे वजन पाहू. कागद एक चौरस मीटर घेतला तर तो किती ग्रॅम भरतो यावरून त्याची जाडी व भरदारपणा मोजतात. छापखान्यात याला जीएसएम म्हणतात. साध्या मजकुराच्या पुस्तिकेस ७० ते ९० जीएसएमचा मॅपलिथो कागद चालतो. रंगीत चित्रांस ९० ते १३० जीएसएमचा आर्ट पेपर घेतात आणि मुखपृष्ठास २५० ते ३०० जीएसएमचे आर्ट कार्ड लागते. हे ठोकताळे झाले. परंतु खर्चाचा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा. तो अवघड नाही.

समजा, आपणास डेमी अष्टपत्री आकाराची ६४ पानी पुस्तिका एक हजार प्रती छापावयाची आहे. २३ बाय ३६ इंची एका तावात या आकाराची ३२ पृष्ठे बसतात. म्हणजे एका प्रतीस दोन ताव आणि हजार प्रतींस २००० ताव, अर्थात ५०० तावांची चार रिमे लागतात. या आकाराचे एक रीम ७० जीएसएममध्ये सुमारे १८.७ किलो भरते आणि ९० जीएसएममध्ये सुमारे २४ किलो. चार रिमांचा फरक साधारण साडेएकवीस किलो येतो. नासाडीसाठी थोडा कागद वर धरा, त्या दिवशीचा किलोचा भाव घ्या आणि गुणाकार करा. हजार प्रतींमागे जो आकडा येईल, तो एका प्रतीवर वाटून पाहा. चित्रांच्या तयारीस, जुळणीस आणि छपाईस जो खर्च होणार असतो, त्यापुढे हा फरक किती लहान आहे हे आपले आपणास कळेल. मुद्रकाने हे सांगितले की गिऱ्हाइकास वाटते, हा आपला कागद खपवितो आहे. म्हणून गिऱ्हाइकानेच पेन्सिल हाती घ्यावी, असे माझे म्हणणे आहे. उलट बाजूही ध्यानात ठेवावी. पुस्तिका टपालाने जावयाची असेल तर प्रत्येक प्रतीमागे वाढलेले वीस-एकवीस ग्रॅम टपालखर्चात दिसतील. अशा वेळी कागद हलका घेऊन पाने कमी करणे शहाणपणाचे ठरते.

वजनाइतकाच महत्त्वाचा गुण म्हणजे कागदाचा अपारदर्शकपणा. दोन कागदांचे वजन सारखे असूनही एकाच्या पाठीवरचा छाप पुढे दिसतो आणि दुसऱ्याच्या दिसत नाही. ही पारख दुकानात उभ्या उभ्या करता येते. छापलेल्या पानावर कोरा ताव ठेवा आणि अक्षरे किती डोकावतात ते पाहा.

दुसरा गुण पृष्ठभागाचा. आर्ट पेपरवर पांढऱ्या मातीचा लेप असतो, म्हणून त्यावर रंगीत चित्र खुलते. परंतु हा कागद दिव्याखाली चकाकतो, त्यावर शाईच्या लेखणीने लिहिता येत नाही आणि भिजला तर पाने एकमेकांस चिकटून बसतात. बियाण्यांच्या सूचिपत्रकात शेतकऱ्याने पेरणीची तारीख टिपावी अशी अपेक्षा असेल, तर निदान ती पाने तरी साध्या मॅपलिथोची ठेवावीत. केळीच्या बागेत आणि भरणीच्या ठिकाणी जी पुस्तिका वापरली जाणार, तिची गोष्ट आणखी निराळी. केळीचा चीक कपड्यावरून जात नाही, तो कागदावरून कोठून जाणार? अशा पुस्तिकेच्या मुखपृष्ठास लॅमिनेशन करून घ्यावे, म्हणजे ओल्या फडक्याने पुसता येते. आतला कागद मात्र झगमगीत न घेता बिनचकाकीचा घ्यावा, कारण ती उन्हात वाचली जाणार आहे.

तिसरा गुण बहुतेक गिऱ्हाइकांस ठाऊकच नसतो, तो म्हणजे कागदाच्या तंतूंची दिशा. गिरणीत कागद तयार होताना तंतू एका दिशेने पसरतात. त्या दिशेने कागद सहज घडी घेतो आणि सरळ फाटतो. आडव्या दिशेने घडी तडकते आणि फाटणे वेडेवाकडे होते. पुस्तिकेच्या पाठीच्या कण्याशी तंतू समांतर असले पाहिजेत. तसे नसेल तर पाने ताठ उभी राहतात, पुस्तिका आपण होऊन मिटते आणि पावसाळ्यात कण्याजवळ लाटा उठतात. परीक्षा सोपी आहे. कागदाचा छोटा चौकोन कापून एका बाजूने ओला करा. तो ज्या रेषेभोवती वळून नळी होईल, ती तंतूंची दिशा.

आता बांधणीकडे वळू. सर्वांत साधी बांधणी म्हणजे पाने एकात एक घालून मधोमध दोन पिना मारणे. ती स्वस्त आहे, पुस्तिका पूर्ण उघडते आणि काम एका दिवसात होते. मात्र पृष्ठसंख्या चारच्या पटीत असावी लागते. साधारण ६४ पृष्ठांपलीकडे ही बांधणी नेऊ नये. पाने वाढली की आतली पाने बाहेर सरकतात, कापताना त्यांचा समास कमी होतो आणि कधी कधी अक्षरावरच सुरी येते. पिनांची तार गंज न धरणारी आहे ना, हे विचारून घ्यावे. जुन्या स्मरणिका चाळून पाहा. मजकूर शाबूत असतो, पण पिनेभोवती तांबडा डाग पडून कागद तेथेच कुजलेला आढळतो.

दुसरा प्रकार बाजूने पिना मारण्याचा. शाळेच्या वह्यांना आणि पावतीपुस्तकांना तो चालतो, पण पुस्तिकेस बरा नव्हे. त्यात कण्याकडील जवळजवळ अर्धा इंच जागा जाते. आतला समास त्या मानाने सोडलेला नसेल, तर वाचकास ओळीची सुरुवात शोधावी लागते.

तिसरा प्रकार हल्ली सर्वत्र दिसतो. पानांचा कणा कापून खरवडावयाचा आणि गरम गोंद लावून मुखपृष्ठ चिकटवावयाचे, याला परफेक्ट बाइंडिंग म्हणतात. जाड सूचिपत्रकास ते देखणे दिसते आणि कण्यावर नाव छापता येते. परंतु आपला मुलूख लक्षात घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत त्याहून पुष्कळ अधिक तापते. हलक्या प्रतीचा गरम गोंद उष्णतेने मऊ पडतो, थंडीत कडक होतो आणि काही काळाने तडकतो. मग पुस्तिका मधून उघडली की पान हातात येते. गुळगुळीत आर्ट पेपरला तर हा गोंद मुळातच कमी धरतो. अशा कामास पॉलियुरेथेन जातीचा गोंद अधिक भरवशाचा आहे, तो आपल्या बांधणाऱ्याकडे आहे की नाही याची चौकशी करावी.

चौथा प्रकार तारेच्या कड्यांचा. यंत्राच्या सुट्या भागांची यादी, पंपदुरुस्तीची पुस्तिका किंवा दुकानाच्या गल्ल्यावरची भावपुस्तिका टेबलावर सपाट पडून राहिली पाहिजे. कारण वाचणाऱ्याचे दोन्ही हात कामात असतात. तेथे ही बांधणी उत्तम. भाव बदलले की तेवढी पाने बदलता येतात, हा आणखी एक फायदा.

पाचवी आणि सर्वांत जुनी ती जुजबंदी. फर्म्यांच्या घड्या घालून प्रत्येक घडी मधोमध दोऱ्याने शिवावयाची, सर्व घड्या एकमेकींस गुंफावयाच्या आणि वर पुठ्ठा चढवावयाचा. हिला वेळ लागतो आणि मजुरीही अधिक पडते. पण चांगली शिवलेली जुजबंदी पिढ्यान्पिढ्या टिकते, आणि कधी सैल झालीच तर उसवून पुन्हा शिवता येते. गोंदाने बांधलेले पुस्तक एकदा मोडले की तितक्या सहज दुरुस्त होत नाही. जुने बांधणारे गव्हाच्या खळीत मोरचूद घालीत, कारण नुसत्या खळीला कसर लागते. या साध्या युक्तीने कित्येक दप्तरे वाचली आहेत.

बंधुभगिनींनो, आतापर्यंत मी व्यापाराच्या दृष्टीने बोललो. आता ज्ञातीच्या दृष्टीने थोडे बोलतो, आणि ते स्पष्ट बोलतो, त्याबद्दल राग मानू नये.

स्मरणिका ही जाहिरातींवर उभी राहते, हे मला ठाऊक आहे. जाहिरातदाराचा मान राखलाच पाहिजे. परंतु ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिका छापताना एक रीत मी वारंवार पाहतो. जाहिरातींची पाने जाड, चकाकत्या आर्ट पेपरवर असतात. वृद्धांच्या आठवणी, गावोगावच्या कुळांची माहिती, दिवंगतांची चरित्रे आणि विद्यार्थ्यांच्या याद्या मात्र सर्वांत हलक्या कागदावर. दुकानाची जाहिरात पुढच्या वर्षी बदलणार असते. आजोबांची आठवण मात्र पुन्हा कोणी सांगणार नसते. जे टिकवावयाचे ते कच्च्यावर आणि जे बदलावयाचे ते पक्क्यावर, असा हा उलटा व्यवहार आहे.

हलका कागद का टिकत नाही, याचे कारण शास्त्राने दाखविले आहे. १८०७ मध्ये जर्मनीत मोरित्स इलिग याने राळ आणि तुरटी यांची खळ कागदास देण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे १८४४ मध्ये केलर याने लाकूड दळून त्याच्या लगद्यापासून कागद करण्याची युक्ती काढली. कागद स्वस्त झाला, पण तुरटीमुळे त्यात आम्लता आली आणि दळलेल्या लाकडामुळे लिग्निन राहिले. प्रकाश आणि हवा लागताच असा कागद पिवळा पडतो आणि पुढे ठिसूळ होतो. अमेरिकेतील विल्यम बॅरो यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ५०० पुस्तकांचा कागद तपासून १९५९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी बहुसंख्य पुस्तके पुढील शतकात वापरण्याजोगी राहणार नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर आम्लविरहित कागदाचा प्रसार वाढला, आणि टिकाऊ कागद कसा असावा याचे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ मध्ये ठरले. आज आम्लविरहित कागद आपल्या देशातही मिळतो. तो मागावा मात्र लागतो, आणि मागण्यासाठी तो असतो हे माहीत असावे लागते.

कागदाने काय वाचते, याचे उदाहरण शोधावयास आपणास दूर जावयास नको. बहिणाबाई चौधरी आपल्याच खानदेशच्या, आसोद्याच्या लेकी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात त्या गात राहिल्या. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने त्यांतील काही गाणी उतरवून घेतली. बहिणाबाई १९५१ मध्ये वारल्या आणि १९५२ मध्ये ती गाणी ग्रंथरूपाने महाराष्ट्रापुढे आली. जे कागदावर उतरले तेवढे आपले झाले. जे उतरले नाही ते त्यांच्याबरोबर गेले. अशा किती बहिणाबाई आपल्या घराघरांतून होऊन गेल्या असतील, त्यांचा हिशेब कोण देणार? पण जे कोणी आज लिहून देत आहेत, त्यांचे लिखाण तरी पन्नास वर्षांनी हातात घेताच त्याचा भुगा होऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.

कोणी म्हणेल, आता सारे भ्रमणध्वनीवर आले आहे, कागदाची मातब्बरी राहिली कोठे? भावपत्रकांपुरते हे म्हणणे मला मान्य आहे. रोज बदलणारा केळीचा भाव कागदावर छापणे आता व्यर्थ होय, आणि तेथे मी स्वतः कागद घेऊ नका असेच सांगेन. परंतु यंत्र बदलले, खाते बंद पडले, सांकेतिक शब्द विसरला, की त्यातील संग्रह हाती लागत नाही. चांगल्या कागदावरचे, शिवलेले पुस्तक उघडण्यास डोळ्यांखेरीज दुसरे साधन लागत नाही. म्हणून वधू-वर सूचीसारखी वर्षाची गोष्ट यंत्रावर आणि कुळांचा वृत्तान्त कागदावर, अशी वाटणी मला योग्य वाटते.

उत्तम म्हणजे उंची आणि परदेशी, असाही समज नको. आपल्या शेजारी फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले, तेव्हा तेथील सजावट नंदलाल बोस यांनी बांबू आणि खेड्यात मिळणारे साधे साहित्य घेऊन केली होती. ती देशभर वाखाणली गेली. वस्तू कोणत्या कामाची आहे हे ओळखून साहित्य निवडले, की साधेपणालाही शोभा येते. पुस्तिकेचेही तसेच आहे.

शेवटी, छापखान्यात जाताना पाळावयाच्या काही गोष्टी सांगतो. कागदाचे नाव, त्याचे वजन, कापल्यानंतरचा आकार, पृष्ठसंख्या, मुखपृष्ठाचा कागद आणि बांधणीचा प्रकार या सहा गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात आणि मुद्रकाकडून लिहून घ्याव्यात. नुसते ‘चांगल्यापैकी करा’ असे सांगितले, तर चांगल्याचा अर्थ प्रत्येकाचा निराळा होतो. पृष्ठसंख्या शक्यतो सोळाच्या पटीत बसवावी, म्हणजे फर्मा अर्धा राहून कागद वाया जात नाही. काम सुरू होण्यापूर्वी त्याच कागदाची, तीच बांधणी केलेली, न छापलेली एक कोरी प्रत करून मागावी. ती हातात धरावी, पूर्ण उघडून पाहावी, वजन करून पाहावी, दोन दिवस उन्हात ठेवून पाहावी. या कोऱ्या प्रतीस खर्च नाममात्र येतो आणि हजार प्रतींचे नुकसान टळते. जाड आर्ट कार्डाचे मुखपृष्ठ घडीवर तडकू नये म्हणून आधी तेथे क्रीझिंग करून घ्यावे. आणि स्मरणिकेपुरते माझे एक मागणे आहे. सर्व प्रती हव्या तशा काढा, परंतु निदान पंचवीस प्रती आम्लविरहित कागदावर, दोऱ्याने शिवून, कापडी बांधणीत तयार करा. त्या संस्थेच्या दप्तरी आणि गावोगावच्या वाचनालयांत ठेवा. त्यांचा खर्च एका जाहिरातदारास सहज सोसण्यासारखा आहे, आणि त्याचे नाव त्या प्रतींबरोबर टिकेल.